दोष सापडला, आधी सांगायचं कोणाला?

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना टोरांटो विद्यापीठातल्या ‘सिटिझन लॅब’ या संशोधन गटाकडून निरोप आला. तुमच्या फोनवर पाळत ठेवण्याचा प्रयत्न झालेला दिसतो, सावध राहा, असा त्याचा आशय होता. एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले नागपूरचेच वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या बचावाचं काम राठोड पाहत होते. अनोळखी परदेशी क्रमांकांवरून आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप कॉल येत असत, असं त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. २९ ऑक्टोबरला व्हॉट्सअ‍ॅपने इस्रायलच्या एनएसओ ग्रुपवर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात खटला भरला. ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० फोनवर घुसवण्याचा प्रयत्न झाला, असं कंपनीने त्यात म्हटलं. आनंद तेलतुंबडे, बेला भाटिया, शालिनी गेरा अशी आणखी काही नावं त्या आठवड्यात भारतातून पुढे आली.

या प्रकरणाच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पेगॅसस ज्या फटीतून शिरत होतं तिच्याकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. तिचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०१९-३५६८. व्हॉट्सअ‍ॅपवरून आवाज पोचवणाऱ्या भागात एक ‘बफर ओव्हरफ्लो’ होता. विशिष्ट घडणीची डेटाची पाकिटं लक्ष्याच्या फोन क्रमांकाकडे पाठवली की पाठवणाऱ्याचा कोड समोरच्या फोनवर चालायचा, कॉल उचलायचीही गरज नव्हती. मे २०१९च्या सुरुवातीला कंपनीला हे कळलं, तिने सर्व्हरवर बंदोबस्त केला आणि १३ मेच्या सुमारास सुधारित अ‍ॅप उपलब्ध झालं. राठोड यांना निरोप आला तो ऑक्टोबरमध्ये. मधले महिने व्हॉट्सअ‍ॅप आणि सिटिझन लॅब लक्ष्य झालेल्या माणसांची ओळख पटवत होते, आणि ते काम सोपं नव्हतं.

सॉफ्टवेअरमधले असे दोष कसे निर्माण होतात, ते सापडल्यावर कोणी, कोणाला, किती दिवसांत सांगायचे, यावर तीन-साडेतीन दशकं वाद चालू आहे. त्याचा हा आढावा. या वादात बोलणारे मुख्यतः दोन पक्ष असतात, दोष शोधणारा आणि सॉफ्टवेअर बनवणारा. ज्याच्या खिशात तो फोन आहे त्याचा क्रम बहुतेक वेळा शेवटी लागतो, आणि हा क्रम ठरतो कसा हे वादाचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोष नेमका काय असतो

नागपूरच्या कळमन्यातल्या मार्केट यार्डातलं एखादं गोदाम डोळ्यांसमोर आणा. फरशीवर खडूने रेघा मारून प्रत्येक अडत्याला जागा नेमून दिली आहे. एकाची जागा वीस पोत्यांची, पण ट्रकमधून पंचवीस उतरली आणि हमालाने रेघ न पाहता थप्पी लावली, तर पाच पोती शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. शेजाऱ्याच्या मालात आता कोणाचा तरी माल मिसळला. हा बफर ओव्हरफ्लो. जागा एकाने सोडली, दुसऱ्याला दिली, पण पहिल्याचा माणूस जुन्या चिठ्ठीवर तिथूनच माल उचलत राहिला, तर तो दुसरा प्रकार. संगणकाच्या भाषेत ‘यूज-आफ्टर-फ्री’. संगणकाच्या स्मृतीत माल आणि सूचना जवळजवळ राहतात. त्यामुळे हद्द ओलांडून टाकलेला माल हुशारीने निवडला, तर संगणक तोच हुकूम समजून पाळतो. सगळी मेख इथे आहे.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. तिने रेघ पाहण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर टाकली, कारण प्रत्येक वेळी हद्द तपासली तर वेळ जातो आणि तेव्हाची यंत्रं तोकडी होती. गंमत अशी की त्याच १९७२ साली अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी केलेल्या अहवालात या प्रकारच्या घुसखोरीची शक्यता नोंदवलेली आहे. धोका माहीत होता. किंमत परवडेल असं वाटलं. आजची ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, चित्रं आणि व्हिडिओ उलगडणारी ग्रंथालयं (तयार कोडचे संच) यांचा मोठा भाग अजूनही सी आणि सी++मध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९मध्ये सांगितलं की दरवर्षी त्यांच्या उत्पादनांतल्या ज्या सुरक्षादोषांना क्रमांक मिळतात त्यांतले सुमारे ७० टक्के स्मृतीच्या हाताळणीतले असतात. पुढच्याच वर्षी क्रोमिअम ब्राउझरच्या गंभीर दोषांबाबतही जवळपास तोच आकडा आला.

अर्थात हे आकडे दोषांचे आहेत, चोऱ्यांचे नव्हेत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते बनावट स्विच उभा करून आणि नकली कार्डं वापरून. गडलिंग यांच्या संगणकात ‘नेटवायर’ हे हेरगिरीचं साधन शिरलं होतं, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने काढला. ते साधन सहसा ई-मेलला जोडलेल्या फाइलमधून पसरतं. २०२०च्या जूनमध्ये अ‍ॅम्नेस्टी आणि सिटिझन लॅबने नऊ भारतीय कार्यकर्त्यांना असे ई-मेल गेल्याचं दाखवून दिलं. त्यांतले तिघे आदल्या वर्षीच्या पेगॅससच्या यादीतही होते. फाइल उघडण्याइतका माणूस बेसावध असेल तर चोराला महागडी फट लागत नाही. तो सावध असेल, तेव्हाच ती विकत घेतली जाते.

गुपित, गोंगाट आणि नव्वद दिवस

२ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा, म्हणजे स्वतःहून फैलावणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला. शिरकावाच्या त्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ या सेवेतला बफर ओव्हरफ्लो. सुमारे सहा हजार यंत्रं बाधित झाली असा अंदाज सांगितला जातो. तेव्हाच्या इंटरनेटचा तो दहावा हिस्सा. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट समन्वय केंद्र स्थापन झालं. दोष तिथे कळवायचा, केंद्राने कंपनीला कळवायचं, दुरुस्ती झाली की सर्वांना सांगायचं, अशी ती रीत.

रीत चांगली होती, पण कंपन्या महिनोन् महिने गप्प राहत. दुरुस्तीची घाई कोणालाच नव्हती. या चिडीतून १९९३मध्ये ‘बगट्रॅक’ ही टपालयादी सुरू झाली आणि तिच्यावर दोष थेट सगळ्यांसमोर मांडले जाऊ लागले. ‘संपूर्ण प्रकटन’ या पक्षाचं म्हणणं साधं होतं. चोरांना दोष आधीच ठाऊक असू शकतो, अंधारात असतो तो फक्त वापरणारा, आणि चव्हाट्यावर आणल्याशिवाय कंपनी हलत नाही. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ४९व्या अंकात ‘अ‍ॅलेफ वन’ या टोपणनावाने आलेल्या लेखाने बफर ओव्हरफ्लोचा फायदा कसा घ्यायचा ते पायरीपायरीने शिकवलं. त्या एका लेखाने संशोधक घडवले, आणि हल्लेखोरही.

दुसरी बाजू २००१च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्कॉट कल्प यांनी ठणकावून मांडली. हल्ल्याचा तयार कोड छापणं म्हणजे माहितीची अराजकता आहे, त्या वर्षातल्या किड्यांना संशोधकांनीच शिधा पुरवला, असा त्यांचा आरोप होता. तो सगळाच खोटा नव्हता. २५ जानेवारी २००३ला आलेला ‘स्लॅमर’ अवघ्या ३७६ बाइटचा. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या ओव्हरफ्लोतून तो शिरला आणि सुमारे दहा मिनिटांत बहुतेक असुरक्षित यंत्रांपर्यंत पोचला. दोष शोधणारे डेव्हिड लिचफिल्ड यांनी आदल्या वर्षी परिषदेत दाखवलेल्या नमुना-कोडचा त्यात वापर झाला होता, आणि असा कोड प्रसिद्ध करावा का, याचा त्यांनी स्वतः जाहीरपणे फेरविचार केला. पण याच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने पाहणारेही होते. दुरुस्ती सहा महिने आधीच, जुलै २००२मध्ये, उपलब्ध होती. ती लोकांनी बसवली नव्हती. मग दोष कोड छापणाऱ्याचा, की पॅच न बसवणाऱ्याचा, की मुळात असा कोड विकणाऱ्याचा? तिन्ही उत्तरांना आजही समर्थक आहेत.

तडजोड हळूहळू झाली. सर्ट केंद्राने ४५ दिवसांची मुदत ठरवली, दोष विकत घेणाऱ्या ‘झीरो डे इनिशिएटिव्ह’ने १२०. जुलै २०१४मध्ये गूगलने ‘प्रोजेक्ट झीरो’ काढलं आणि नव्वद दिवसांचा नियम आणला. मुदत संपली की दुरुस्ती असो वा नसो, तपशील जाहीर. जानेवारी २०१५मध्ये विंडोजचा एक दोष मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या पॅचदिवसाच्या दोन दिवस आधी उघड झाला, तेव्हा दोन बलाढ्य कंपन्यांत जाहीर खडाजंगी झाली. गूगलने त्यानंतर चौदा दिवसांची सवलत जोडली. २०२१पासून दुरुस्ती मुदतीत झाली तर लोकांना ती बसवायला आणखी तीस दिवस देऊन मगच तपशील सांगण्याचा नियम आला. हल्ल्यात आधीच वापरात असलेल्या दोषासाठी मुदत सात दिवसांची. जुलै २०२५मध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. दोष कळवल्यापासून आठवड्याभरात कोणत्या कंपनीच्या कोणत्या उत्पादनात काही सापडलं आहे एवढंच जाहीर करायचं, तपशील नाही. मूळ कंपनी दुरुस्ती करते पण तिचा कोड वापरणाऱ्या खालच्या कंपन्यांना ती उशिरा कळते, ही त्यामागची तक्रार.

त्या तक्रारीचं सर्वांत ठळक उदाहरण ‘हार्टब्लीड’. इंटरनेटवरचा संवाद कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या ग्रंथालयाच्या मार्च २०१२च्या आवृत्तीतून पसरलेली ही चूक हद्दीबाहेर लिहिण्याची नव्हती, हद्दीबाहेर वाचण्याची होती. एका विचारणेत सर्व्हर आपल्या स्मृतीतले ६४ किलोबाइटपर्यंत काहीही परत देई. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडेनॉमिकॉन यांना ती स्वतंत्रपणे सापडली. ७ एप्रिल २०१४ला जाहीर होण्याआधी ती काही मोजक्या कंपन्यांना कळली होती आणि त्यांनी आपले सर्व्हर दुरुस्तही केले होते. बाकीच्या जगाला बातमी त्या दिवशीच कळली. आधी कोणाला सांगायचं याची यादी कोणी, कोणत्या निकषावर करायची, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. सगळ्यांना सांगितलं तर ते गुपित राहत नाही, आणि थोड्यांना सांगितलं तर त्या थोड्यांत आपण असावं असं प्रत्येकाला वाटतं.

एक वेगळा सूर लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नेलवर, काम करणाऱ्यांचा आहे. सुरक्षेचा दोष आणि साधा दोष यांत ते फरक मानत नाहीत. दुरुस्त करा, पुढे चला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांना स्वतःच क्रमांक देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यांनी जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायला सुरुवात केली. यंत्रणा सांभाळणाऱ्यांची त्यावर कुरकुर आहे, कारण शेकडो नोंदींतून खरी धोक्याची कोणती ते कसं ओळखायचं?

सरकार आणि दलाल

नव्वद दिवसांची सगळी चर्चा एक गृहीत धरते: ज्याला दोष सापडला त्याला तो दुरुस्त व्हावा असं वाटतं. ज्यांना तसं वाटत नाही त्यांचाही बाजार आहे. २०१५मध्ये निघालेल्या ‘झीरोडियम’ या दलाल कंपनीने सप्टेंबर २०१९मध्ये अँड्रॉइडचा एकही क्लिक न लागणारा पूर्ण हल्ला २५ लाख डॉलरपर्यंत विकत घेण्याची तयारी दाखवली. एनएसओची भूमिका अशी की आपण फक्त सरकारांना, गुन्हेगारी आणि दहशतवादाच्या तपासासाठीच विकतो. तपासयंत्रणांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद झाल्यावर कायदेशीर तपासालाही फोनमध्ये शिरण्यावाचून वाट उरत नाही. यावरचा आक्षेप एवढाच की ज्या फटीतून पोलीस शिरतात, ती शोधण्याचं कसब पोलिसांपुरतं राहत नाही.

हा आक्षेप २०१७मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन धडकला. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतला एक ओव्हरफ्लो अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने जवळ ठेवला होता. त्यावरचं हत्यार ‘इटर्नलब्लू’. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली, ‘शॅडो ब्रोकर्स’ या गटाने १४ एप्रिलला हत्यार जगासमोर टाकलं, १२ मेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा किडा आला. २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’ने इतर युक्त्यांबरोबर हेच हत्यार वापरून मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचं जाळं पाडलं, आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्कच्या ताब्यातल्या गेटवे टर्मिनलचं काम खोळंबलं. हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरपासून झाली होती. उरणच्या कंटेनरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने सापडलेला दोष ठेवायचा की कळवायचा हे ठरवण्याच्या आपल्या पद्धतीची सनद जाहीर केली. चीनने वेगळी दिशा घेतली. १ सप्टेंबर २०२१पासून तिथल्या कंपन्यांना दोष ४८ तासांत सरकारला कळवावा लागतो. दुरुस्ती वेगाने व्हावी हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. सरकारच्या हाती ताजी हत्यारं आयती येतात, ही टीकाकारांची शंका आहे.

भारतातली चौकट

आपल्याकडे जबाबदारी सर्ट-इन या सरकारी संस्थेवर आहे. २००४पासून ती काम करते, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली तिला अधिकार आहेत, आणि २०२१मध्ये तिला दोषांना क्रमांक देण्याची मान्यता मिळाली. तिने जबाबदार प्रकटनाचं धोरण प्रसिद्ध केलं आहे. कायद्यात मात्र सद्हेतूने दोष शोधणाऱ्याला वेगळी सूट नाही. परवानगीवाचून संगणकात शिरणं कलम ४३ आणि ६६मध्ये बसतं, मग शिरणारा चोर असो वा शेजारी. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२मध्ये सद्हेतूच्या संशोधनावर खटले न भरण्याचं धोरण जाहीर केलं, बेल्जियमने २०२३मध्ये कायद्यानेच संरक्षण दिलं. भारतात संशोधक आणि यंत्रणा यांच्यातलं नातं अजून विश्वासापेक्षा अंदाजावर चालतं.

हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांना ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई पोलिसांनी अटक केली, तो प्रसंग या वर्तुळात अजून सांगितला जातो. त्यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर मतदानयंत्रातल्या त्रुटी दाखवल्या होत्या, आणि ज्या यंत्रावर प्रयोग केला ते मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातून गेलेलं होतं. प्रशासनाच्या दृष्टीने हा चोरीचा गुन्हा. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सवाल असा की यंत्र तपासायला अधिकृतपणे मिळत नसेल तर त्रुटी दाखवायची कशी. तो मामला स्मृतीच्या दोषाचा नव्हता, पण दोष सांगायला जाणाऱ्याच्या मनात पहिला विचार कसला येतो, हे त्यावरून समजतं. याच काळात, २०१०पासून, गोव्यात ‘नलकॉन’ ही परिषद भरू लागली आणि पुण्या-मुंबईच्या तरुण संशोधकांना उजळ माथ्याने बोलायला जागा मिळाली. घरचे दोषही बाहेर आले. पुण्याच्या क्विक हीलच्या मॅक आवृत्तीत एका विशिष्ट फाइलची तपासणी करताना ओव्हरफ्लो होत असे. त्याला सीव्हीई-२०१७-५००५ हा क्रमांक मिळाला. विषाणू शोधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक संशयास्पद फाइल स्वतः उघडून पाहतं, म्हणून त्याच्यातला दोष जास्त धोक्याचा. जगभरातल्या बहुतेक नामवंत अँटिव्हायरसांत असे दोष सापडलेले आहेत.

पेगॅससच्या वेळी सर्ट-इनची भूमिकाच वादाचा विषय झाली. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणणं, आम्ही मे २०१९मध्येच कळवलं. सरकारचं म्हणणं, मेमधली माहिती निव्वळ तांत्रिक होती, तीत पेगॅससचा उल्लेख नव्हता. लक्ष्य झालेल्या १२१ भारतीयांचा आकडा ५ सप्टेंबरच्या पत्रात प्रथम आला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. दोषाची सूचना आणि हल्ल्याची सूचना या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्वद दिवसांची सगळी व्यवस्था पहिलीसाठीच उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत मुंबई आयआयटीचे अश्विन गुमास्ते होते. २९ फोन तपासले गेले, पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळलं, ते पेगॅससच असल्याचं निर्णायकपणे सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नसल्याचं समितीने नमूद केल्याचं न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितलं. एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने म्हटलं की देशाच्या सुरक्षेशी निगडित अहवाल खुला करता येणार नाही. आपलं नाव आहे का, एवढं संबंधित व्यक्तीला कळवण्याचा विचार होऊ शकतो. दरम्यान नोव्हेंबर २०२३मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आलं. सुरक्षेच्या संस्थेला गोपनीयता लागते हे खरं. पण त्यामुळे कोणत्या दोषाची सूचना तिला केव्हा मिळाली, हे विचारण्याचा नागरिकाचा एक मार्ग कमी झाला.

मुळावरच घाव

दोष कसा सांगावा यापेक्षा तो होऊच कसा नये, हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत पुढे आला. हद्द आपोआप तपासणाऱ्या भाषा नव्या नाहीत. जावा १९९५पासून आहे. पण कर्नेल किंवा ब्राउझरच्या गाभ्याला लागणारा वेग त्यांना जमत नसे. ग्रेडन होअर यांनी सुरू केलेल्या आणि मोझिलाने वाढवलेल्या ‘रस्ट’ने बरीचशी तपासणी प्रोग्रॅम चालण्याआधीच, संकलनाच्या वेळी, करून दाखवली. तिची पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ची. डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स कर्नेलने तिला जागा दिली. फेब्रुवारी २०२४मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने सुरक्षित भाषांकडे वळण्याचं आवाहन केलं.

सर्वांत बोलका पुरावा अँड्रॉइडचा आहे. २०१९मध्ये त्याच्या सुरक्षादोषांपैकी ७६ टक्के स्मृतीचे होते, २०२४मध्ये २४ टक्के. यासाठी जुना कोड पुन्हा लिहिला नाही, नवा तेवढा सुरक्षित भाषांत लिहिला. जुना कोड वापरात राहून जसा मुरतो तसे त्यातले दोष कमी होत जातात, बहुतेक धोका ताज्या कोडमध्ये असतो, असा गूगलच्या अभियंत्यांचा निष्कर्ष आहे. मला तो या वादातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष वाटतो, कारण ‘सगळं पाडून नव्याने बांधा’ आणि ‘काहीच करता येत नाही’ या दोन्ही टोकांना तो उत्तर देतो.

सी++चे जनक ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप आणि त्यांचे सहकारी या लाटेकडे साशंकतेने पाहतात. भाषा बदलण्याचा खर्च प्रचंड आहे, आधुनिक सी++ नीट वापरली तर बहुतेक चुका टळतात, तिच्यात तपासणीच्या कडक चौकटी आणता येतील, आणि रस्टमध्येही ‘असुरक्षित’ कप्पे असतातच, हे त्यांचे मुद्दे. डिसेंबर २०२१चा ‘लॉगफोरशेल’ हा दोष जावामध्ये लिहिलेल्या एका ग्रंथालयातला, म्हणजे स्मृतीच्या दृष्टीने निर्धोक भाषेतला, आणि त्याने जगाची झोप उडवली. तिसरा मार्ग यंत्राचा. स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावून हद्द प्रोसेसरनेच सांभाळायची. प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीची ही सोय २०२३च्या पिक्सेल ८मध्ये आली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये अ‍ॅपलने आयफोन १७साठी असं संरक्षण कायमचं सुरू ठेवलं.

पॅच पोचतो कुठवर

कळमन्यात संत्र्याचा लिलाव असो की तुरीचा, भाव व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात आणि पैसे यूपीआयने. हमालापासून खरेदीदारापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आहे, आणि यार्डात चालणारे बरेचसे फोन स्वस्त, जुने किंवा दुसऱ्या हाताने घेतलेले असतात. अ‍ॅपचा पॅच आपोआप येतो, म्हणून २०१९चा दोष तुलनेने लवकर बुजला. फोनच्या गाभ्यातला दोष असेल तर वाट लांब होते. गूगल दुरुस्ती करतं, चिप बनवणारी कंपनी ती उचलते, मग फोनची कंपनी, आणि त्या कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केले असतील तर काहीच येत नाही. अशा फोनसाठी तपशील नव्वदाव्या दिवशी जाहीर झाला काय किंवा एकशे विसाव्या, फरक एवढाच की त्या दिवसापासून हल्ल्याची कृती सर्वांना माहीत होते. लवकर प्रकटनाचे समर्थक म्हणतात, कंपन्यांवर दबाव आल्याशिवाय ही साखळी कधीच घट्ट होणार नाही. विरोधकांचं म्हणणं, तोवरची झळ याच फोनवाल्यांना बसते. जुन्या फोनचं काय करायचं यावर दोघांकडे ठोस उत्तर नाही.

महागड्या फोनचीही सुटका नाही. पत्रकार आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर २३ ऑगस्ट २०२३ला आयमेसेजमधून न उघडताच शिरणारा हल्ला झाल्याचं अ‍ॅम्नेस्टीने त्या वर्षअखेर सांगितलं. त्याच्याशी जुळणारा दोष सिटिझन लॅबने सप्टेंबरमध्ये उघड केला होता. त्याच सुमारास वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या ग्रंथालयातला दोष आधी फक्त क्रोम ब्राउझरच्या नावावर नोंदला गेला. ते ग्रंथालय असंख्य अ‍ॅपमध्ये असल्याचं लक्षात आल्यावर त्याला दुसरा क्रमांक दिला, आणि तो दुबार म्हणून रद्दही झाला. नोंदवहीच अशी गोंधळली तर खालच्याने काय शोधायचं? ही नोंदवही चालवणाऱ्या मायटर संस्थेचा अमेरिकी सरकारशी असलेला करार एप्रिल २०२५मध्ये संपता संपता शेवटच्या क्षणी वाढवला गेला, तेव्हा ती किती नाजूक धाग्यावर आहे हेही जगाला समजलं.

न सुटलेलं

वादाला नवी धार आणली ती कृत्रिम बुद्धिमत्तेने. नोव्हेंबर २०२४मध्ये गूगलच्या ‘बिग स्लीप’ने एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये स्मृतीचा खरा दोष शोधला. दुसरीकडे कर्ल या साधनाचे डॅनिअल स्टेनबर्ग यंत्राने लिहिलेल्या बनावट तक्रारींनी वैतागले आहेत. दोष शोधणं स्वस्त झालं, तपासून दुरुस्त करणं तेवढंच महाग राहिलं. लिबएक्सएमएल२ हे ग्रंथालय तेव्हा एकहाती सांभाळणारे निक वेल्नहॉफर यांनी जून २०२५मध्ये सांगितलं की यापुढे सुरक्षेच्या तक्रारी गुपचूप हाताळणार नाही, त्या इतर दोषांसारख्याच खुल्या राहतील. मोठ्या कंपन्या फुकट वापरतात आणि मुदती मला घालतात, हा त्यांचा रोख. नव्वद दिवसांचा नियम मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला समोर ठेवून घडला होता. तोच बिनपगारी माणसाला लावायचा का, यावर आज खरी रस्सीखेच आहे.

एनएसओच्या खटल्यात मे २०२५मध्ये ज्यूरीने सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरची दंडात्मक भरपाई सुनावली. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती सुमारे ४० लाखांवर आणली, पण व्हॉट्सअ‍ॅपला लक्ष्य करण्यावर कायमची बंदी घातली. फट विकणाऱ्यावर कारवाई होऊ शकते हे त्यातून दिसलं. फट विकत घेणाऱ्या सरकारांबाबत तो निकाल काही बोलत नाही.

युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यातलं कळवण्याचं कलम ११ सप्टेंबर २०२६पासून लागू होतं. हल्ल्यात वापरला जात असलेला दोष लक्षात आल्यापासून २४ तासांत उत्पादकाने सरकारी यंत्रणेला प्राथमिक सूचना द्यायची, आणि बाधित वापरकर्त्यांनाही दोष व उपाय कळवायचा. सरकारी यंत्रणांच्या हातात कच्ची माहिती २४ तासांत जाणं धोक्याचं, असं अनेक संशोधकांनी आधीच लेखी कळवलेलं आहे. युरोपात उत्पादनं विकणाऱ्या पुण्या-नागपुरातल्या कंपन्यांनाही हे कलम पाळावं लागेल. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवणं आपल्याकडेही सक्तीचं केलं आहे, पण ते कळवणं सर्ट-इनला. फोन ज्याचा आहे त्याला कळवण्याबद्दल त्या आदेशात काही नाही.